बरगड्या बाहेरून करपतात, आतून चिवट राहतात. मॅरिनेट आणखी किती वेळ करू?

तुमचं सगळं वर्णन मी दोनदा वाचलं. काय घडलं ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्ही दोन किलो बीफच्या बरगड्या आणल्या. व्हिनेगर, लिंबाचा रस, कच्च्या पपईचा कीस, मीठ आणि लसूण लावून त्या रात्रभर मुरवल्या. दुसऱ्या दिवशी घरी केलेला बार्बेक्यू सॉस चोपडून थेट निखाऱ्यांवर ठेवल्या. पंधरा मिनिटांत सॉस काळा पडला. चाळिसाव्या मिनिटाला थर्मामीटरनं आत ७४ अंश दाखवले, म्हणून उतरवल्या. वरचा थर पिठूळ आणि कडू, आतलं मांस रबरासारखं, हाडाला घट्ट धरलेलं. आता तुम्ही विचारताय की दोन दिवस मुरवल्या आणि पपई वाढवली तर जमेल का. शिवाय शिजवण्याआधी बरगड्या उकळून घेऊ का, पाऊस आला तर ग्रिल घरात घेऊ का, आणि फ्रीजमध्ये उरलेल्या निम्म्या चिवट बरगड्या टाकून देऊ का, हेही.

दोन दिवस मुरवलंत तर वरचा थर आणखी पिठूळ होईल आणि आतलं मांस आहे तसंच राहील. तुमचं मॅरिनेड कमी पडलेलं नाही. मऊपणाचं काम तुम्ही मॅरिनेडवर टाकलंत, आणि ते काम त्याचं नाहीच. बरगडीला मऊ करतात वेळ आणि मंद आच. मॅरिनेड चव देतं, मीठ आत पोचवतं. सॉस सगळ्यात शेवटी येतो, तकाकी आणि आंबटगोड चव द्यायला. तुमच्याकडे हे तिन्ही होतं, फक्त क्रम आणि वेळ चुकली. मी बरीच वर्षं रोज निखाऱ्यांसमोर उभी राहते, आणि नव्यानं हाताखाली आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या बरगड्या अशाच झालेल्या पाहिल्यात.

तुमच्या बरगड्या नेमक्या कुठल्या होत्या हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचं बरंच काही त्यावर ठरतं. पाठीकडच्या बरगड्या असतील तर वरचा मांसाचा मोठा तुकडा, म्हणजे स्टेकचा भाग, आधीच काढून घेतलेला असतो. मांस मुख्यतः दोन हाडांच्या मधे असतं आणि वर पातळ थर. शॉर्ट रिब्ज म्हणून मिळतात त्या खांद्याच्या बाजूच्या किंवा पोटाकडच्या. त्यांच्यावर मांसाचा जाड थर असतो, आत चरबीच्या रेषा असतात. पोटाकडची तीन लांब हाडांची सलग पाटी सगळ्यात मांसल, आणि चवीला माझ्या मते सगळ्यात चांगली. चौथा प्रकार कापण्याच्या पद्धतीचा आहे. त्याच शॉर्ट रिब्ज हाडांना आडव्या, बोटाच्या जाडीपेक्षाही पातळ कापतात, त्यामुळे प्रत्येक पट्टीत हाडाच्या तीनचार चकत्या दिसतात. या पातळ पट्ट्यांचं शास्त्र पूर्ण वेगळं आहे, त्यावर शेवटाकडे येते. तुम्ही 'जाडजूड, प्रत्येक हाड वेगळं' असं लिहिलंय, त्यावरून त्या सुट्या कापलेल्या शॉर्ट रिब्ज असाव्यात असं धरून लिहिते.

आता त्या ७४ अंशांबद्दल. माझ्या दृष्टीनं तुमच्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे.

बरगडीचं मांस श्वासागणिक हलणाऱ्या भागाचं असतं. सतत काम करणाऱ्या स्नायूंमध्ये कोलॅजनचे पांढरे, चिवट तंतू भरपूर असतात. मांस तापायला लागलं की साठ अंशांच्या पुढे हे तंतू आधी आकसतात आणि ओला कपडा पिळावा तसं मांसातलं पाणी बाहेर काढतात. मग सत्तरच्या आसपास कोलॅजन हळूहळू विरघळायला लागतं, त्याचं जिलेटिन होतं. ऐंशीच्या पुढे हा वेग वाढतो. पण या कामाला तास लागतात, मिनिटं पुरत नाहीत. म्हणजे ७४ अंशांवर, चाळीस मिनिटांत उतरवलेली बरगडी तिच्या सगळ्यात वाईट अवस्थेत असते: रस पिळून निघालेला आणि चिवट तंतू जागच्या जागी. तिथून पुढे, ९३ ते ९६ अंशांपर्यंत सावकाश नेली की तेच तंतू जिलेटिन होऊन प्रत्येक धाग्याभोवती पसरतात, आणि पाणी गमावलेलं मांसही तोंडात रसाळ लागतं.

तुम्हाला ७४ पुरेसे वाटले कारण मांस 'शिजलं' होतं. ते शिजलंच होतं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं बीफच्या अख्ख्या तुकड्यांसाठी सांगितलेलं सुरक्षित तापमान ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विश्रांती एवढंच आहे. पण खायला सुरक्षित होणं आणि मऊ होणं या दोन टप्प्यांमध्ये बरगडीच्या बाबतीत तीस अंशांचं आणि काही तासांचं अंतर आहे. स्टेकला लावायचा नियम बरगडीला लावला की हेच होतं.

मॅरिनेडकडे वळते. त्यातले बहुतेक पदार्थ मांसात काही मिलिमीटरच शिरतात, मग तुम्ही रात्रभर ठेवा की दोन रात्री. लसूण, मिरी, मसाले यांची चव पृष्ठभागावरच राहते. आत खोलवर जातं ते मीठ. ते मांसातल्या प्रथिनांची रचना थोडी सैल करतं, त्यामुळे शिजताना पाणी जरा कमी सुटतं. म्हणून माझं सगळं लक्ष मिठाच्या प्रमाणावर असतं. कोरडं मीठ चोळून ठेवणार असाल तर हाडासकट एक किलोला आठ ते दहा ग्रॅम पुरतं. वजनकाट्यावर मोजून घ्या. चमच्यानं घेतलं तर जाड आणि बारीक मिठात मोठा फरक पडतो.

व्हिनेगर आणि लिंबू वाईट नाहीत, पण थोडेच हवेत. जास्त आम्लात बारा तास पडलेल्या मांसाचा वरचा थर पांढुरका, सुका आणि भुसभुशीत होतो. कच्च्या पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं हे खरं, पण तेही फक्त पृष्ठभागावर. ज्या कोलॅजननं तुम्हाला छळलं ते आत खोल, हाडालगत बसलेलं असतं. तिथपर्यंत पपई पोचत नाही. रात्रभर तिनं वरच्या तीनचार मिलिमीटरचं पीठ केलं, आणि तोच पिठूळ थर नंतर जळाला. पातळ कापाच्या मांसाला पपई पाऊण तास लावली तर उपयोग होतो. जाड बरगडीला मी ती कधीच लावत नाही. अननस, किवी, आलं यांचंही तेच.

दोन किलोला मी जे मॅरिनेड करते ते असं: ८० मिलिलिटर सोया सॉस, दोन मोठे चमचे वूस्टरशायर सॉस, दोन मोठे चमचे व्हिनेगर, दोन मोठे चमचे तेल, एक मोठा चमचा तयार मोहरी सॉस, एक मोठा कांदा किसून, आठ पाकळ्या लसूण ठेचून, दोन लहान चमचे भरड काळी मिरी, एक मोठा चमचा ब्राउन शुगर आणि एक सपाट लहान चमचा मीठ. सोया सॉसमध्ये मीठ बरंच असतं, म्हणून वेगळं मीठ एवढंच. साखरही एवढीच, कारण ती जितकी जास्त तितकं पुढे करपण्याचं भय. हे सगळं जाड पिशवीत बरगड्यांसकट भरा, हवा काढून तोंड बांधा, ताटात ठेवून फ्रीजमध्ये चार अंशांवर किंवा त्याखाली बारा ते चोवीस तास ठेवा. मधे एकदोनदा पिशवी उलटी करा. ओट्यावर, खोलीच्या तापमानात मुरवू नका. चार ते साठ अंश या पट्ट्यात जिवाणू झपाट्यानं वाढतात. आणि कच्च्या मांसातून निथळलेलं मॅरिनेड सॉसमध्ये घालायचा मोह झाला तर ते आधी चांगलं खळखळ उकळा. मी तर सरळ टाकूनच देते.

मुरवण्याआधी चाकूचं थोडं काम आहे. पाठीकडच्या बरगड्यांना हाडाच्या बाजूनं एक पातळ, चकचकीत पडदा असतो. एका टोकाला बोथट सुरी खुपसून तो उचला, कागदी रुमालानं घट्ट धरा आणि ओढा, बहुतेकदा एका दमात निघतो. शॉर्ट रिब्जच्या सलग पाटीला मात्र मी हाडामागचा पडदा ठेवते, कारण सहा-आठ तासांनी मांस इतकं मऊ होतं की हाडं सुटून पडू नयेत म्हणून तोच आधार होतो. मांसाच्या बाजूची जाड चरबी आणि चंदेरी पापुद्रा मात्र काढून टाका. तो शिजूनही विरघळत नाही, आणि मीठमसाला त्याच्या खाली जातच नाही.

ग्रिलवर ठेवायच्या तासभर आधी बरगड्या पिशवीतून काढा, कांदालसणाचा चोथा निपटून टाका आणि कागदी रुमालानं पृष्ठभाग टिपून कोरडा करा. एवढं चविष्ट मॅरिनेड पुसायचं हे अनेकांच्या जिवावर येतं. पण चव आत जायची तेवढी गेलेली असते. वर राहिलेला चोथा पहिला जळतो, आणि ओल्या मांसाला खरपूस रंग चढत नाही. पाणी असेपर्यंत पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जातच नाही, आणि तो तपकिरी खमंगपणा साधारण १४० अंशांच्या पुढेच जोरात येतो. पुसल्यावर फ्रीजमध्येच, उघड्या जाळीवर, तासभर वाळू द्या. मग थोडी भरड मिरी वरून दाबा.

आता आच. निखाऱ्यांच्या थेट वर जाळीचं तापमान सहज अडीचशे अंशांच्या पुढे जातं. तिथे बरगडी ९५ अंशांपर्यंत नेणं म्हणजे बाहेरून कोळसा करणं. म्हणून ग्रिलचे दोन भाग करा. पेटलेले निखारे सगळे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला खाली एक जुनं अॅल्युमिनियमचं ताट, त्यात दोन बोटं गरम पाणी. या ताटाच्या वर, जाळीवर, बरगड्या, हाडं खाली आणि मांस वर. झाकण लावा आणि झाकणावरची हवेची झडप मांसाच्या बाजूला येईल असं फिरवा, म्हणजे गरम हवा आणि धूर मांसावरून जाऊन बाहेर पडतील. आतलं तापमान १२० ते १३५ अंश ठेवायचं. ते जाळीच्या पातळीवर मोजा. झाकणावर बसवलेली तबकडी वरच्या हवेचं तापमान सांगते, मांसाजवळचं वेगळं असू शकतं.

कोळसा आधी पूर्ण पेटू द्या, वर राखाडी-पांढरी राख धरेपर्यंत. त्याला वीसपंचवीस मिनिटं लागतात. मग आच फक्त खालच्या झडपेनं सांभाळायची. पाऊण ते एक तासानं आठदहा पेटलेले कोळसे टाकावे लागतात, ते बाजूला एका पत्र्याच्या डब्यात पेटवून ठेवा. धुराची चव हवी असेल तर मुठीएवढे दोनतीन सुके लाकडाचे तुकडे निखाऱ्यांवर ठेवा. ओक, हिकरी किंवा फळझाडाचं चालेल. चिकट राळ असलेलं, रंग दिलेलं लाकूड अजिबात नको. लाकूड भिजवायची गरज नाही, पाणी आत फारसं शिरत नाही आणि आधी नुसती वाफ निघते. धूर पातळ, निळसर असावा. दाट पांढरा धूर येत असेल तर हवा कमी पडतेय, झडप उघडा. तो दाट धूर मांसावर बसला की जिभेला कडवट, कोंदट चव लागते आणि ती कशानंच जात नाही. तुम्हाला जाणवलेला कडूपणा सगळा सॉसचाच होता की थोडा धुराचाही, हे मला इथून सांगता येणार नाही. जाळीवर चरबी ठिबकून ज्वाळा उठत होत्या असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे काजळीचाही वाटा असावा.

किती वेळ? पाठीकडच्या बरगड्यांना साधारण साडेतीन ते साडेचार तास, सुट्या कापलेल्या शॉर्ट रिब्जना चार ते पाच, अख्ख्या मोठ्या पाटीला सहा ते आठ. हे आकडे पाहुण्यांना वेळ देण्यापुरते धरा. मांसाची जाडी, चरबी, वारा, तुम्ही झाकण किती वेळा उघडता, यांनी तासाभराचा फरक सहज पडतो. दोन जनावरांच्या एकाच जागच्या बरगड्यासुद्धा एकाच वेळी होत नाहीत.

मधे एक जागा अशी येते की लोक घाबरतात. आतलं तापमान पासष्ट-सत्तरच्या आसपास पोचतं आणि तिथेच अडकतं. अर्धा तास, कधी दीड तास काटा हलत नाही. काही बिघडलेलं नसतं. पृष्ठभागावर येणारं पाणी वाफ होऊन उडतं आणि घाम येऊन अंग गार पडावं तसं मांसाला थंड ठेवतं. त्या वेळी आच वाढवू नका. बाहेरचा थर गडद तांबूस-काळपट झाला असेल, नखानं खरवडला तर निघत नसेल, तर बरगड्या दोन पदरी फॉइलमध्ये दोन चमचे पाणी घालून घट्ट गुंडाळा आणि परत ठेवा. वाफ कोंडली की काटा पुन्हा चढतो. गुंडाळल्यानं वरचा कुरकुरीत थर थोडा मऊ पडतो. मला तो थर आवडतो, म्हणून वेळ असेल तर मी गुंडाळत नाही. घरी पहिल्यांदा करताना मात्र गुंडाळाच, सुकण्याचा धोका कमी होतो.

झालं की नाही हे ओळखायला ९३ ते ९६ हा आकडा दारापर्यंत आणतो, शेवटचा निर्णय हाताचा. थर्मामीटरची सळई दोन हाडांच्या मधे, मांसाच्या जाड भागात खुपसा. मऊ लोण्यात जावी तशी, अडथळ्याशिवाय गेली पाहिजे. कुठेही रबरासारखा हिसका लागला तर अजून वीस मिनिटं. मांस हाडाच्या टोकापासून दोनेक सेंटिमीटर मागे सरकलेलं दिसेल, आणि चिमट्यानं एक हाड हलकं फिरवलं तर ते मांसात सैल फिरेल. एकदा मोठ्या मेजवानीत घाई झाली म्हणून मी ८८ अंशांवर एक अख्खी पाटी उतरवली होती. कापताना सुरी दोनदा अडली तेव्हाच कळलं, पण ताटं लागली होती. त्या दिवशी लोकांनी हाडावर मांस ठेवून ताटं परत पाठवली, ते चित्र माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. तेव्हापासून सळई लोण्यासारखी गेल्याशिवाय मी काही उतरवत नाही, जेवण अर्धा तास उशिरा झालं तरी.

सॉस आता घ्यायचा. बीफची चरबी जड असते, जिभेवर बसते, म्हणून तिच्यासोबतच्या सॉसला आंबटपणा ठसठशीत हवा. बाजारातल्या बहुतेक केचपांमध्ये शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या वर साखर आधीच असते. त्यावर तुम्ही वाटीभर साखर आणि मध घातलात, म्हणजे सॉस जवळजवळ पाकच झाला. थेट निखाऱ्यांवर तो पंधरा मिनिटं टिकला हेच खूप.

माझा नेहमीचा सॉस, दोन किलोला पुरून थोडा उरेल इतका: एक मोठा चमचा तेलात एक लहान कांदा अगदी बारीक चिरून मंद आचेवर दहा मिनिटं परता. रंग सोनेरीच्या पुढे जाऊ देऊ नका. चार पाकळ्या लसूण वाटून घाला, अर्धा मिनिट थांबा. दोन लहान चमचे स्मोक्ड पॅप्रिका, एक लहान चमचा मिरपूड, अर्धा चमचा तिखट तेलातच हलकं भाजून घ्या, मसाल्याचा कच्चा वास इथेच जातो. मग ३०० ग्रॅम केचप, ८० मिलिलिटर सायडर व्हिनेगर, ५० ते ६० ग्रॅम ब्राउन शुगर, दोन मोठे चमचे वूस्टरशायर सॉस, एक मोठा चमचा मोहरी सॉस आणि अर्धी वाटी पाणी. मोलॅसिस, म्हणजे साखर करताना उरणारा दाट काळा पाक, मिळालं तर एक चमचा, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या धर्तीच्या सॉसला जो गडद, किंचित कडसर गोडवा असतो तो त्यानं येतो. अर्धवट झाकण ठेवून मंद आचेवर वीसपंचवीस मिनिटं शिजवा, तळाला लागू नये म्हणून ढवळत राहा. चमच्याच्या पाठीवर बोटानं रेघ ओढली आणि ती तशीच राहिली की झाला. मीठ शेवटी, चाखून. गरम असताना सॉस जास्त आंबट वाटू शकतो, तेव्हा लगेच साखर वाढवू नका. गार झाल्यावर परत चाखा. आदल्या दिवशी करून ठेवला तर चवी एकमेकींत मिसळतात. फ्रीजमध्ये आठवडाभर सहज राहतो.

लावायचा केव्हा? बरगड्या मऊ झाल्यावर, शेवटच्या वीस मिनिटांत. फॉइल उघडा, बरगड्या त्याच मंद बाजूला ठेवा, ब्रशनं पातळ थर द्या, झाकण लावा. सातआठ मिनिटांनी बघा. सॉसची ओली चमक जाऊन तो चिकट, घट्ट दिसायला लागला की दुसरा थर. मग तिसरा. एकदम जाड थापलात तर वरून सुकतो आणि खाली ओलाच राहून घसरतो. शेवटी हवं तर प्रत्येक बाजू निखाऱ्यांच्या वर अर्धा मिनिट धरा. कडेला बारीक बुडबुडे येतील आणि रंग लालसर तपकिरीवरून गडद होऊ लागेल. तिथेच उचला, चिमटा खाली ठेवू नका, कारण तिथून करपायला दहा सेकंद पुरतात. ब्रश बुडवण्यासाठी सॉस वेगळ्या वाटीत काढा आणि जेवताना वाढायचा सॉस वेगळा ठेवा.

उतरवल्यावर वीस मिनिटं फॉइलखाली सैल झाकून ठेवा. अख्खी पाटी असेल तर तासभरही चालतं. मग हाडांच्या मधून कापा.

संध्याकाळी सातला जेवायचं असेल तर सुट्या शॉर्ट रिब्जचा दिवस साधारण असा जातो: आदल्या संध्याकाळी मॅरिनेड आणि सॉस, दुपारी बाराला पुसून फ्रीजमध्ये वाळत, साडेबाराला कोळसा, एकला ग्रिलवर, साडेतीन-चारला फॉइलमध्ये, साडेपाचपासून सळईची परीक्षा, सहाच्या पुढे सॉस. लवकर झाल्या तर गुंडाळून, जाड टॉवेलमध्ये लपेटून बंद थर्मास पेटीत ठेवा, दोन तास गरम राहतात. उशीर झाला तर त्यावर इलाज नाही, म्हणून सुरुवात नेहमी लवकरची धरा.

एवढा वेळ नसेल, किंवा ग्रिलला झाकणच नसेल, तर अर्धं काम ओव्हनमध्ये करा, त्यात काही कमीपणा नाही. खोल ट्रेमध्ये अर्धी वाटी पाणी, वर बरगड्या, फॉइलनं गच्च बंद, १५० अंशांवर अडीच ते तीन तास. सळईची परीक्षा तीच. मग ग्रिलवर दहापंधरा मिनिटं, सॉस लावत. धुराची खोल चव येणार नाही, पण मांस मऊ आणि रसाळ होईल. गॅसचा ग्रिल असेल तर एका टोकाचा बर्नर चालू, दुसऱ्या टोकाला मांस, बाकी सगळं तसंच. पाण्यात उकळण्याबद्दल विचारलंत तर माझं उत्तर नाही असं आहे. मऊ होतील, पण ज्या चवीसाठी बीफ आणलं ती निम्मी पाण्यात उतरते. त्या पाण्याचं सूप करणार असाल तर गोष्ट वेगळी.

त्या पातळ आडव्या पट्ट्या मिळाल्या तर मात्र हे सगळं विसरा. तिथे तंतू इतके आखूड कापलेले असतात की दातांना चिवटपणा कमी जाणवतो. दोनतीन तास मुरवा, कडक निखाऱ्यांवर प्रत्येक बाजू तीनचार मिनिटं, शेवटच्या मिनिटाला सॉसचा एक हात, बस. तुम्ही जाड बरगडीला जी पद्धत वापरलीत, ती खरं तर या कापाची आहे.

पावसाचा प्रश्न तुम्ही सहज विचारलात, पण त्याचं उत्तर मी ठासून देते. कोळशाचा ग्रिल घरात, बंद गॅलरीत, गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा आणू नका. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि अनेकदा माणूस शुद्ध हरपेपर्यंत काही कळत नाही. विझत आलेले निखारेही तो सोडत असतात. पाऊस आला तर बरगड्या फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये न्या, निखारे बाहेरच राहू द्या.

राहिल्या तुमच्या फ्रीजमधल्या बरगड्या. शिजवल्यावर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेल्या असतील आणि तीनचार दिवसांपेक्षा जास्त झाले नसतील तर टाकू नका. तुम्ही ७४ अंशांवर थांबलात, म्हणजे वाट अर्धी झालेली आहे, उरलेली आता चाला. आधी करपलेला सॉस आणि तो पिठूळ थर सुरीच्या पाठीनं पूर्ण खरवडून काढा, राहिला तर त्याचा कडूपणा रसात उतरेल. जाड बुडाच्या पातेल्यात एक कांदा जाड कापून पसरा, वर बरगड्या, बरगड्यांच्या निम्म्यापर्यंत येईल इतकं पाणी किंवा स्टॉक, घट्ट झाकण. १५० अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा गॅसवर अगदी मंद आचेवर ठेवा, रस्सा क्वचित एखादा बुडबुडा सोडेल इतकाच. दीड तासानं काटा टोचून बघा, अडला तर झाकून परत अर्धा तास, कदाचित आणखी एक. काटा सहज आरपार गेला की बरगड्या काढा, रस्स्यावरची चरबी निथळा, उरलेला रस आटवून नव्या सॉसमध्ये दोन डाव घाला, आणि तो सॉस लावून बरगड्या गरम ओव्हनमध्ये वरच्या आचेखाली चारपाच मिनिटं धरा. कडेला बुडबुडे दिसले की बाहेर काढा.